सोडायचे कोणते

मॉक क्रमांक अकरा. एकोणसाठ पर्सेंटाइल.
म्हणजे शंभरातले एकोणसाठ माझ्या मागे.
मी मागे वळून पाहते :
राइस मिलचे अंगण, कोंड्याचा ढीग,
धर्मकाट्याच्या केबिनला टेकून
खिशात काडेपेटी शोधणारा गोसाई हमाल.
बाकीचे अठ्ठावन्न कुठे असतील?

संगणक मिलचा आहे.
दिवसभर तो भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करतो
आणि पावती छापतो.
रात्री आठनंतर माझा,
शेठच्या परवानगीने,
कुणी उशिरा धान घेऊन आले की उठायच्या अटीवर.

परीक्षेला अट कळत नाही.
चाळीस मिनिटांचा एकेक भाग, घड्याळ उलटे,
गेलेल्या भागात परत जायची सोय नाही.
मॉक नऊमध्ये मी एका ट्रॅक्टरला सहा मिनिटे दिली,
नवरगावकडचा होता, पोत्यांवर दोन पोरे झोपलेली.
मॉक दहामध्ये वीज गेली.
अकरात सगळे ठीक होते.
वीज होती, रस्ता मोकळा होता.
एकोणसाठ माझेच होते.

उतारा होता कुठल्याशा थंड देशातल्या खुर्च्यांवर.
लेखकाला काय सुचवायचे आहे?
चार पर्याय, चारही सभ्य, चारही हात बांधून उभे.
तिसऱ्यांदा ओठ हलवून वाचत होते
तेवढ्यात भोंगा लावलेली जीप गेली :
शनिवारी रात्री, आठवडी बाजाराच्या पटांगणात, तीन अंकी,
खुर्ची दीडशे, खाली बसून ऐंशी.
खुर्च्यांबद्दल मला तेवढेच कळले.

आईला सांगितले आहे, संगणकाची परीक्षा आहे.
ती विचारते, मंग मिलमंधी पर्मनंट करतीन का?
मी मान हलवते,
हो की नाही ते तिने ठरवावे अशी.

चुकांची वही मिलच्याच जुन्या आवकवहीत.
रकाने आयते आहेत : माल, ओलावा, शेरा.
मालात मी लिहिते, काळ-काम-वेग. नळ-टाकी. खुर्च्या.
ओलाव्यात, उत्तर टेकवताना किती शंका होती.
सतराच्या वर ओलावा निघाला की आम्ही माल परत करतो,
नियम आहे, शेतकरी कितीही बोलो.
आणि मी चाळीसच्या ओलाव्याची उत्तरे
एकामागून एक आत घेतली आहेत.
शेरा : उणे एक. उणे एक. उणे एक.

गोसाईला आकडे वाचता येत नाहीत.
तो टायरचे पोट पाहतो, जमिनीकडे बघतो, वजन बोलतो.
मग काटा बोलतो. फरक पन्नास किलोच्या आत.
एकदाच म्हणाला होता, मधानातली गाडी लागली पायजे,
कोंड्यानं भरली आहे का धानानं, समजत नाही.
मग काय करता?
सोडतो. सप्पाच गाड्यायचा मीच सांगाचा का?
काटा कायले ठेवला हाय?

सोडवणे आणि सोडणे.
मध्ये एक व.
शाळेत सूर्यकांता बाईंनी फक्त पहिले शिकवले,
जागा कोरी राहिली तर हातावर पट्टी.
दुसरे शिकायला मला
तेवीस वर्षे आणि अकरा मॉक लागले,
अजून नीट येत नाही. प्रश्न सोडला तरी
पुढच्या प्रश्नात तो पायात घोटाळतो,
आपल्याच घरचा असल्यासारखा.

मॉक बारा. शेवटचा भाग, अकरा मिनिटे उरलेली.
वळणावर दिवे दिसले.
माझा हात माऊसवरून उठला, सवयीने.
गोसाई आधीच उठला होता.
त्याने हात आडवा धरून गाडी काट्याच्या अलीकडे थांबवली,
ड्रायव्हरच्या खिडकीपाशी जाऊन काहीतरी बोलला,
केबिनकडे बोट केले.
मला ऐकू आले नाही.

इंजिन बंद झाले.

मी सतरावा प्रश्न सोडला.
अठरावा वाचायला घेतला.