चोवीस तासांपुरतं

पहिला हुकूम मी स्वयंपाकघरात टाइप केला,
ओट्यावर, कारण कार्यालयाचं दार
बर्फानं बुजलं होतं, थेट वरच्या चौकटीपर्यंत.
हर्मन पार्डी फोनवर मजकूर सांगत होता,
मागे त्याची किटली शिट्टी मारत होती.
हर्मन आमचा नगराध्यक्ष, एरवी शाळेची बस चालवतो.

"गल्स टिकल नगर परिषद, कायद्यानं मिळालेल्या
आणीबाणीच्या अधिकारानुसार..."
इथे अडला. "पुढे काय असतं गं, डॉर्कस?"
मला तरी कुठे ठाऊक.
हे कलम मागे कधी वापरलं तेव्हा
आम्ही दोघं दुसरीत, एका बाकावर.

न्यूफाउंडलंडचा हा कोपरा नकाशात नखाएवढा.
तरी लिहिलं: रस्त्यावर वाहन नको. दुकानं बंद.
पेट्रोल फक्त बर्फ उपसणाऱ्या गाडीला.
पायी चालायला हरकत नाही,
हे मी माझ्या मनानं घातलं,
चालणार कोण, आणि कुठून, याचा विचार न करता.

पाचातले तिघे फोनवर आले. तेवढ्यानं गणपूर्ती.
मायरा किपिंगनं विचारलं, "संपणार कधी?"
"बर्फ थांबला की."
"बर्फाच्या भरवशावर कायदा नको.
शेवट आधी लिही, डॉर्कस. तास, मिनिटं.
बाकीचं मग."
मायरा अशीच. लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा
जेवणं किती वाजता उरकणार ते शोधते.

म्हणून चोवीस तास.
मग रोज दुपारी दोनला पुन्हा फोन, पुन्हा मतदान,
फोनवर हात वर करायचा म्हणजे नुसतं "हो" म्हणायचं.
हर्मन मात्र खरोखर हात वर करायचा,
त्याच्या बायकोनं नंतर सांगितलं.

चौथ्या दिवशी एल्ड्रेड स्नुक गेले.
वयानंच गेले, बर्फावर आळ नको.
वरच्या आळीतून त्यांना चर्चपर्यंत आणायचं
आणि माझ्याच कागदावर: वाहन नको.
मुलीनं फोन केला. एकच शब्द. "परवानगी?"
मी हुकूम वाचला, पुन्हा वाचला,
मोठ्यानं वाचला.
घसरगाडीचा त्यात उल्लेख नव्हता.
सहा जणांनी ओढली, सरपणाची, लांब दोराची.
खिडकीच्या वरच्या वितभर काचेतून
मला फक्त टोप्या दिसल्या,
सहा टोप्या, सावकाश, उतारावर मागे रेलत.

सहाव्या दिवशी लख्ख निळं आभाळ.
रस्ता जवळजवळ मोकळा.
हर्मन म्हणाला, "अजून दोन दिवस ठेवू या.
लोक ऐकतायत. गाव किती शांत आहे बघा."
होतंच शांत.
आणि कबूल करते, मलाही गोडी लागली होती:
सकाळी मी एक वाक्य लिहायचं
आणि साडेचारशे माणसांनी त्या वाक्यात बसून राहायचं.
आजवर माझ्या सहीनं
फार तर कुत्र्याचा परवाना निघायचा.

कुणी बोलेना. तारेवर नुसती खरखर.
मग मायरा: "शांत आहे म्हणून नव्हतं, हर्मन.
बर्फ होता म्हणून होतं."
सायलस, जो पाच दिवस फक्त "हो" होता,
खाकरला. म्हणाला, "मला पाव आणायचाय."

मी इतिवृत्तात वेळ टिपायला मान वर केली.
दोन वाजून चार मिनिटं.
आम्ही वाद घालत होतो
तेवढ्यात हुकूम आपणहून संपून गेला होता,
कुणाच्याही सहीवाचून.

पाचव्या मिनिटाला मायराची गाडी
माझ्या दारावरून गेली, चाकांना साखळ्या खुळखुळवत,
चर्चच्या चढापर्यंत,
वळली, परत आली.
मी दार ढकलून ओरडले, "कुठे निघालीस?"

तिनं काच खाली केली.
"कुठेच नाही," म्हणाली,
आणि पुन्हा चढाकडे गाडी वळवली.