कोरा नमुना

आराखडा सत्तर पानांचा. डॉक्टर बदरियांनी
पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं:
आपण चुकलो, तर आपल्याला कळणार कसं?
मार्चभर आम्ही त्या एका ओळीपाशी अडलो होतो
आणि काचेपलीकडे फहाहीलवर तोज उठत होता,
धुळीचा, मेतकुटाच्या रंगाचा.

मग ठरलं. दर दहा घरांमागे एका घराचा जोडनमुना,
दर वीस नळ्यांमागे एक कोरी.
कोरी म्हणजे: ओला रुमाल पाकिटातून काढायचा,
हवेत उलगडायचा, कशालाही न लावता
घडी घालून नळीत ठेवायचा.
झाकण, चिठ्ठी, वेळ, सही.
कुठलंच घर न पुसलेला रुमाल.
कोणता ते प्रयोगशाळेला सांगायचं नाही.

चौदावं घर झियादचं. वय अठरा महिने,
वजन दहा किलो दोनशे, फरशी चाटण्याची सवय: होय.
बाप रिफायनरीत जोडारी. कामाचे बूट दाराबाहेर?
"कधी कधी," आई म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं,
या उत्तराला गुण किती म्हणून.

फरशीवर फूटभराची चौकट चिकटवली.
आडवा हात, उभा हात, मग कडेकडेने.
सारवताना आईचा हात असाच फिरायचा,
फक्त ती ठेवत जायची, मी उचलत होते.
झियादला वाटलं, पाट मांडलाय. येऊन बसला.
पुन्हा चौकट, पुन्हा नवे हातमोजे.
नंतर पुदिन्याचा चहा. आराखड्यात
चहाला नाही म्हणा असं कुठे लिहिलेलं नाही,
नमुन्यानंतर घ्या, एवढंच.

जिन्यात वारा होता. डोळ्यात कण गेला, मी चोळला,
आणि खालच्या पायरीवर उभी राहून
त्या दिवसाची कोरी नळी भरली.

अकरा दिवसांनी कागद आला.
घरं जशी असतात तशी: कुठे थोडं, कुठे जरा जास्त.
सगळ्यांत जास्त शिसं कोऱ्या नळीत.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.
रुमालांचा गठ्ठा तपासला, स्वच्छ. नळ्या स्वच्छ.
गाडीतली पेटी, तिचं बिजागर, स्वच्छ.
दुसऱ्या दिवशी जोसेलिन जेवता जेवता थांबली:
तू डोळ्यांत काय घालतेस?

सुरमा. पितळी डबीतला. दिवाळीला घेतला होता, हौसेनं.
ज्याच्या मागावर मी घरोघरचे उंबरे ओलांडत होते
ते माझ्याच पापणीवर बसून
लिफ्टने वर जात होतं, सलाम करत.

रागावलं कोणी नाही. बदरिया म्हणाल्या,
कोरी बोलली, म्हणजे आराखडा जागा आहे. लिहून काढ.
लिहिलं. कारण: तंत्रज्ञाच्या डोळ्यांतील प्रसाधन.
उपाय: प्रसाधन वर्ज्य, कोऱ्या नळीआधी हातमोजे बदलणे.
त्या दिवसाची सहाही घरं रद्द. पुन्हा जायचं.

पाच घरांनी पुन्हा दार उघडलं.
चौदाव्याला कुलूप. राखणदार म्हणाला,
कंत्राट संपलं, गुरुवारी गेले, मन्सूराला.
दाराबाहेर बुटांची एक जोडी तेवढी,
टाचा एका बाजूने झिजलेल्या.
मी वाकले. आणि हात मागे घेतला.
संमतीच्या कागदावर ज्याची सही, तो तिथे नव्हता.

तक्त्यात झियादच्या ओळीत आता एक संकेतांक आहे.
शून्य नाही. शून्य म्हणजे पाहिलं आणि सापडलं नाही.
जोसेलिनने तो अंक भरला, मी नाही.

हल्ली सकाळी साबण दोनदा लावते.
आरशात डोळे बारीक दिसतात;
फोनवर आई विचारते, आजारी आहेस का गं.
दुपारी एकविसावं घर. पण त्याआधी जिन्यात
एक रुमाल हवेत उलगडते,
आणि सांगितलेलं नसतानाही
श्वास धरून ठेवते.