दोरीचा दरवाजा

देवास नाक्यावर मुर्तुझाभाईंच्या पत्र्याखाली
तीन जीपगाड्या.
पहिलीचा रंग इतका ताजा
की टेकलेल्या कोपराला हिरवा लागला.
दुसरीचा मीटर म्हणतो, एकतीस हजार.
मी वाकून क्लचचं रबर पाहिलं,
झिजून आतलं लोखंड चकाकत होतं.
मीटर मागे फिरवता येतो, भाऊ,
पाय नाही.

"काम काय घ्यायचंय, ताई?"
सिमरोलला चार बिघे लसूण. खताची पोती,
पाण्याचे दोन ड्रम, कधी आजारी शेळी.
आणि रविवारी
(हे जरा हळू सांगितलं, छप्पन्न वर्षांची बाई मी)
चोरलच्या मागची ती दगडी वाट,
जिथे फक्त गुराखी जातात.

ते हसले नाहीत.
तिसरीची चावी दिली.

डावा दरवाजा दोरीनं बांधलेला.
थंड इंजिन दुसऱ्या सेल्फला उठलं, खोकलं,
जरासा पांढरा धूर, मग तोही नाही.
खाली आडवी होऊन पान्यानं चासी ठोकत गेले:
ठण्ण, ठण्ण. कुठेच भद्द नाही.
पदराला ऑइल. असू दे.
छोटा दांडा फोर-व्हीलमध्ये जाईना.
"आधी हातभर पुढे घ्या, मग ओढा.
हिला विचारल्याशिवाय ओढलेलं चालत नाही."
घेतली. ओढला. गेला.

सीटखाली लसणाच्या साली सापडल्या,
कुणाच्या कोण जाणे.
दरवाज्यापायी आठ हजार उतरले ते,
बाराला मी अडून बसले होते.

दोरी अजून तीच आहे.
गाठ तेवढी मी बदलली,
शेळीला बांधतो तशी,
एका झटक्यात सुटणारी.