पाणी पिकू द्या

जलशुद्धीकरण केंद्रात एकतीस वर्षं
मी पाण्यात क्लोरीन घातला.
आता नेरुळच्या या दुसऱ्या मजल्यावर
दोन बादल्या रात्रभर उघड्या ठेवतो,
तो उडून जावा म्हणून.

काच दोन फुटांची. तळाला काळी माती,
वर वाळू, सात पाण्यांनी धुतली,
आठव्यालाही गढूळच.
दुकानातला तौसीफ म्हणाला,
काका, मासे महिन्याने. आधी पाणी पिकू द्या.

पाणी पिकतं?
आम्ही तर ते मारून पाठवायचो घरोघर.

अनुबियास ओंडक्याला बांधायचं,
मुळं मातीत पुरायची नाहीत, असंही त्यानेच सांगितलेलं.
शिवणाचा दोरा कुमुदने वीतभर दिला,
वर विचारलं, पुरे ना?

पहिल्या आठवड्यात पानं विरघळली.
दुसऱ्यात सगळं ताकासारखं पांढरं.
रोज नळीत थेंब टाकून रंग बघतो,
वहीत तारीख, वेळ, खाली सही.
सही कशाला, ते माझं मलाच कळत नाही.

समोरच्या पिंटोबाईंचा नातू
काचेला नाक लावून बसतो बराच वेळ
आणि निघताना म्हणतो,
लपलेत.

काल पहाटे बॅटरी मारली
तर काचेवर मोहरीएवढी गोगलगाय,
कुणीही न आणलेली,
शेवाळ चाटत वर निघालेली,
मागे एक स्वच्छ रेघ.

कुमुदला उठवलं.
किडा आहे, म्हणाली.
मग आत जाऊन
चष्मा घेऊन आली.