सहावा

टाकी दोनशे लिटरची. जावयाने घर बदलताना दिली,
तळाशी अजून त्याची निळी वाळू.
सहकारनगरच्या दुकानात इनामदार म्हणाला,
मावशी, डिस्कस सहाच्या खाली नकोतच.
एका माशाला चाळीस लिटर, हेही तोच म्हणाला.
दोन हिशोब जुळेनात,
त्याने ते हसण्यावारी नेलं.

मग तीनच द्या, म्हटलं, पेन्शनचा आकडा आठवून.
छे, तिघांत दोघे एक होतात,
तिसरा हीटरमागे काळा पडत जातो,
खाणं टाकतो.
सहा असले की मार वाटला जातो.

हे मला कुणी सांगायला नको होतं.
शुक्रवारात आमची एक खोली, आम्ही तिघी.
शालन नि हेमलता एका पांघरुणात.
मी दाराशी.

रात्री कॅलेंडरच्या मागे मासे लिहिले, खोडले.
शेवटी बादल्याच मोजल्या:
एक दिवसाआड पाच,
गुरुवारी पाणी बंद, म्हणजे बुधवारीच भरून ठेवायच्या,
आणि धड गुडघा एक.

सकाळी फोन केला. पाच.
इनामदार जरा गप्प.
मग म्हणाला, सहावा असाच घेऊन जा,
बारका आहे, इथे त्याला कुणी खाऊ देत नाही.

आता पाच लाल बशा
उभ्या तरंगतात दिवाणखान्यात.
बादली टेकवते, दम खाते,
आणि चिमटीतलं पहिलं खाणं
हीटरच्या बाजूला सोडते.