परतीची तार

डावा इंडिकेटर लावला
की छतातला दिवा मिणमिणतो.
ब्रेक दाबला की रेडिओ गप्प.
आणि रेडिओला टपली मारली
की हीटरचा पंखा दचकून उठतो,
हाक जणू त्यालाच मारली होती.

सत्त्याऐंशी सालची पिकअप. हिरवी होती म्हणतात.
नेस्टरमामाने जाताना मला दिली,
म्हणजे किल्ली दिली.
गाडी धान्याच्या कोठारात, उंदरांच्या ताब्यात.

सस्कॅचेवानचा नोव्हेंबर. पाचलाच काळोख.
मी पाठीवर आडवी, डोकं पेडलांखाली,
पाय उघड्या दारातून बाहेर, थिजत,
दातात टॉर्च.
शेजारचा बोदनार वाकून बघतो, म्हणतो, फ्यूज गेलाय.
पंधराचा गेला, पंधराचा लावला, तोही गेला.
मग म्हणतो, तिसाचा लाव की.
अशाच सल्ल्याने त्याचं स्वतःचं कोठार जळलं होतं.
मी टॉर्च दातातच ठेवते.

फ्यूजबॉक्सच्या झाकणावर मामाची पेन्सिल,
युक्रेनी अक्षरं, अर्धी पुसलेली.
एका खणापुढे मात्र ठसठशीत:
याला हात लावू नये.

लावला.

मागून निघाली तपकिरी वायर,
गाडीची नव्हेच, घरातल्या टेबललॅम्पची,
गालिच्याखालून सरपटत सीटमागे गेलेली.
मध्ये वीतभर उंदरांनी सोललेली,
तांबं उघडं, पत्र्याला टेकलेलं.
ठीक. फ्यूजचं कळलं.
पण छतातला दिवा?

मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर,
दुसरं केबिनच्या पत्र्याला.
सगळे दिवे लावून बघितलं:
काटा जवळजवळ शून्यावर हवा. चारवर गेला.
म्हणजे दिव्यांत दोष नव्हता,
रेडिओत नव्हता, पंख्यात नव्हता.
मी दोन दिवस आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी
करत बसले होते.

वीज घरातून निघते तेव्हा तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष.
लाल वायर, फ्यूज, स्विच, केवढा थाट.
ती परत कशी येते, कुणी विचारत नाही.
परतीची वाट गंजली
की ती दुसऱ्यांच्या दारांतून वाट काढते,
इंडिकेटरची वीज छतातल्या दिव्यातून,
ब्रेकची रेडिओतून,
आणि जिथून जाते तिथे थोडं थोडं उजेडते
किंवा विझवते.

पायाशी, पत्र्याच्या आत, एक बोल्ट.
त्याखाली पाच काळ्या वायरी, कारखान्याच्या,
आणि सहावी तपकिरी, मामाची,
दाटीवाटीने कोंबलेली.
म्हणून बोल्ट कधी पुरता बसलाच नाही.
तीस वर्षं सैल, तीस वर्षं गंज.

सीटमागे हात घातला.
तपकिरी वायरीच्या शेवटी चिनी मातीचा होल्डर,
त्यात काळा पडलेला बल्ब,
आणि बोटांना चिकटून आलं
पिवळट, मऊ काहीतरी.

मे महिना होता. मी दहा वर्षांची.
शेतांत अजून बर्फाच्या पट्ट्या.
हंसांची वीस पिल्लं, सीटमागे खोक्यात,
त्यांच्यावर हा बल्ब,
आणि मामा ताशी चाळीसने, सारखा मागे वळून,
विधवा परास्काकडे निघालेला.
तिने पिल्लं ठेवून घेतली.
मामाला नाही.
परतताना दिवा तसाच जळत होता
रिकाम्या खोक्यावर.
मी विचारलं, बंद करू?
म्हणाला, राहू दे.

बोल्ट सोडवला. सँडपेपरने पत्रा घासला,
पांढरा चकचकीत होईतो.
पाच वायरी परत बसवल्या, आवळल्या.
सहावीच्या टोकाला टेप गुंडाळून
गालिच्याखाली सरकवली. कापली नाही.
तिचा खण रिकामा ठेवला.

आता रेडिओ गव्हाचा भाव सांगतो,
ब्रेक दाबला तरी सांगत राहतो.
पंखा बोलावल्याशिवाय येत नाही.
कोठारातून बाहेर काढली, डावीकडे वळायचं होतं,
इंडिकेटर लावला,
आणि सवयीने वर पाहिलं.

काही नाही.
छतात अंधार, अगदी नियमाप्रमाणे.