चतुःसीमा

डुंबरेबाई मोडी वाचतात, पानाला दीडशे रुपये.
भिंग सरकतं, ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो:
सुहूर सन सीत सितैन मया व अलफ.
म्हणजे कधी, मी विचारतो.
थांबा, म्हणतात, आधी माणूस येऊ द्या.

माणूस म्हणजे सटवाजी बिन भानजी लोणारी,
म्हसवडहून आलेला,
दोन रेडे, घाणीचं एक चाक
आणि कबिला.
कबिला म्हणजे बायको?
बायको, पोरं, म्हातारी असली तर तीही.
रेडे मोजलेत. बाकीचे एका शब्दात.

नागझरीच्या पलीकडे,
धूर कसब्यात येणार नाही इतक्या लांब
त्याला जागा मिळाली भट्टी लावायला.
पाच साले हासिल माफ,
सहावे साली रुपया,
पुढे शिरस्तेप्रमाणे.
खातरजमेने वस्ती करणे.
कोणे गोष्टीचा शक अंदेशा न धरणे.
कौल असे.

घरी मी एवढंच ऐकलं होतं
की आपल्या चुन्यावर अर्धं पुणं उभं आहे.
आजोबा सांगायचे भिंतीवर थाप मारून,
दुसऱ्याच्या भिंतीवर.
त्यांच्या बापाचे डोळे चुन्याने गेले.
थोरला चुलता प्लेगात तंबूत नेला,
तो नाव लिहून घेतलेल्या कागदासकट हरवला.
आजोबा मग खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्यात,
वडील पीएमटीत,
आणि मी सिमेंट विकतो.
बहिणीने हे सगळं तक्त्यावर काढलंय,
सर्वांत वर एक चौकोन रिकामा ठेवून.
तिला तिथूनच फोन केला. सटवाजी, म्हटलं, लिही.
आणि त्याची बायको?
कबिला लिही.
पेढे न्यावेत असं वाटत होतं.

पण बाई थांबल्या नव्हत्या.
जागा पडीक, उजाड, वस्ती नाही.
चतुःसीमा बितपशील:
पश्चिमेस ओढा.
दक्षिणेस वाट.
उत्तरेस आंबा, जळका.
पूर्वेस पारध्यांच्या चुली.

वस्ती नाही म्हणालात ना?
मी कुठे, कारकून म्हणतो.
त्यांनी दुसरा कागद ओढला, तीन सालांनंतरचा.
पूर्वेस भट्टी, सटवाजीचीच.
चुलींचं काय झालं?
त्याचा कागद होत नाही, म्हणाल्या,
आणि भिंग पदराने पुसलं.

पिसोळीला सातव्या मजल्यावर आमचा फ्लॅट,
खरेदीखत अजून प्लास्टिकच्या पिशवीत.
रात्री काढलं. छापील, सरळ मराठी,
तरी दोनदा वाचावं लागलं.
पूर्वेस: मोकळी जागा.

बाल्कनीत गेलो.
खाली पत्र्यांच्या मागे कुणी भाकऱ्या थापत होतं,
थापटण्याचा आवाज आधी, मग जाळ दिसला.
धूर वर येत होता, आमच्यापर्यंत.
आतून बायको म्हणाली,
दार लावून घे.